धोंडीआबांचा ‘खेरीज’

काटेवाडीच्या धोंडीआबांच्या तोंडून ‘हरकत न्हाय’ हे शब्द कुणी ऐकले नव्हते. चहा घेणार का विचारलं, तर ‘वता’ म्हणत. बैल नेऊ का म्हटलं, तर ‘न्या, पर सांजला आना’. हे दोन शब्द त्यांनी सरकारसाठी राखून ठेवले होते, आणि सरकारलाही ते अजून मिळायचे होते.

तेव्हा मुंबई सरकारला नवा नियम करायचा झाला, की आधी मसुदा निघायचा आणि लोकांकडून मुदतीत हरकती मागवल्या जायच्या. मसुद्याचा कागद चावडीवर लागला, की बाकीचे त्याच्याकडं पाठ करून तंबाखू मळत. आबा मात्र वाचत, आणि हरकत धाडत.

‘आवं, येवढं सरकार आपल्याला इचारतंय, आन् आपुन गप? बरं दिसतं का ते?’

एकदा मसुदा लागला: कालव्यात जनावरे उतरवू नयेत. आबांनी कळवलं, म्हशीला वाचता येत नाही आणि तहान मुदत मानत नाही. बारामतीच्या डाकबंगल्यात सुनावणी झाली. साहेबानं हसत हसत ऐकून घेतलं. पक्का नियम आला, तेव्हा त्यात दोन शब्द वाढले होते: ‘नेमलेल्या उताराखेरीज’. तेव्हापासून उतारावर म्हैस दिसली, की आबा वाटसरूला थांबवत.

‘ती पानी पितिया न्हवं? त्यो “खेरीज” माझा.’

अशा माणसाच्या लेकीला, हौसाला, मागणी घालायला आमचे वडील, तात्या, मला घेऊन वरकुट्याहून गेले. मी भवानीनगरला कारखान्यात उसाच्या काट्यावर होतो. गाड्या तोलायचो, स्वतः चढलो असतो, तर काटा हलला नसता.

तात्या सहज म्हणाले, ‘पोर आमच्याकडं द्यायला हरकत न्हाय न्हवं?’

आबा ताठ झाले. ‘आसं कसं? मसुदा भावकीत फिरू द्या. म्हैनाभर मुदत.’

हरकती आल्या की! पोरगा वाळका हाय. हसला की घोड्यावानी दिसतो. एक हरकत तर माझ्याच चुलत्याची होती: घोरतो.

मुदत संपल्यावर ओसरीवर सुनावणी भरली.

‘घोरता?’ आबांनी विचारलं.

‘मी तेव्हा झोपेत असतो, आबा. कसं सांगू?’

‘हरकत खोडली न्हाय,’ आबा गंभीरपणे म्हणाले. हौसाला मी बांधावरून पाहिली होती, आणि आता घोरण्यापायी ती हातची जाणार होती.

तेवढ्यात आबांनी आत हाक दिली. ‘हौसा, भाईर ये. शेवटची सुनावनी तुजी.’

पोरीला विचारायची रीत आमच्याकडं नव्हती.

तात्या कुजबुजले, ‘आबा, तिला काय इचारायचं?’

‘नियम लागू कुनाला होनार? तिलाच न्हवं? मग इचारू कुनाला, म्हशीला?’

हौसा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. माझ्याकडं एकदा बघितलं. मी हसलो नाही, घोडा आठवला.

‘हरकत न्हाय,’ ती म्हणाली. ‘घोरलं तर उठवीन.’

लग्न झालं. पाठवणीला गाडी जुंपली. हौसाची आई ती रांगत असतानाच गेलेली. आता घरात आबा, बैल आणि म्हैस एवढेच उरणार होते. आबा गाडीच्या चाकावर हात ठेवून उभे. बैल पुढं जाईनात, कारण आबा हात काढीनात.

‘माजीबी एक हरकत व्हती गं,’ ते हळूच म्हणाले. ‘मुदतीत न्हाय देता आली.’

हौसानं पदरानं डोळे पुसले.

‘आबा, सासरी ऱ्हायाचा नियम पक्का झाला. पर बारामतीच्या बाजाराचा दिस खेरीज. त्या दिशी मी हितं.’

‘दर बाजाराला?’

‘दर बाजाराला.’

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मग त्यांनी चाकावरचा हात काढला.

‘मग हरकत न्हाय,’ आबा म्हणाले.