नवशा तांडेल डोंगरावर दिसला

दांडी गावच्या नवशा तांडेलाचं पोट त्याच्या आधी घराबाहेर पडायला लागलं, तेव्हा हंसाने नवऱ्याला बोईसरच्या डॉक्टरकडे नेलं. होडी मुलाच्या, म्हणजे कुंदनच्या हाती दिल्यापासून नवशाला एकच काम उरलं होतं : ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वारा कुठला सुटणार ते सांगायचं. (कुणी विचारत नसे. वारा हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर येतो.) डॉक्टरने रिपोर्टकडे पाहिलं, पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, रोज चालायला जा."

नवशा दुसऱ्या दिवशीच किनाऱ्याने निघाला. पण गावातल्या निम्म्या पोरांना ज्याने दर्या शिकवला, तो माणूस कुणाच्या दारावरून कोरडा कसा जाणार? पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी चहा आणि तळलेला बोंबील. तिसऱ्या घरी, "तांडेल, चालून दमला असाल, आता जेवूनच जा." महिनाभर नेमाने चालून नवशाचं वजन वाढलं. डॉक्टरने आधी वजनकाट्यालाच दोष दिला आणि दुसरा काटा मागवला. तोही तेच म्हणाला.

"गावात चालणं आपल्या कामाचं नाय," नवशाने जेवताना जाहीर केलं. "मी डोंगर चढणार. तिथं चहा द्यायला कोण बसलेला नाय."

"कुठला डोंगर?" सून दिशाने विचारलं.

"काळदुर्ग."

हंसाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "गच्चीवर जाताना जिन्यात बसता तुमी!"

पण ते नाव त्याच्या तोंडी उगाच आलं नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा होडीत घेतलं तेव्हा त्याच्या बापाने पूर्वेला बोट दाखवलं होतं. "पाण्यावर रस्ता नसतो, नवशा. काळदुर्गाच्या माथ्यावरचा तो चौकोनी खडक बघ. तो आपल्या ताडांच्या डोक्यावर आला की समोर आपली खाडी." मग सारी उमर तो खडकच त्याला घरी आणत राहिला. रात्रभर जाळी ओढून होडीत कुणी बोलत नसे. पहाटे आभाळाखाली तो खडक काळा उठून दिसला की सगळे एकदम बोलायला लागत, कुणी विडी पेटवी, कुणी गाणं काढी. इतकी वर्षं पाहिलेल्या त्या डोंगराला नवशाचा पाय मात्र कधी लागला नव्हता. आणि परवा त्याने कुंदनला सहज विचारलं, "खडक दिसतो ना रे नीट?" तर कुंदन जीपीएसवरून मान न उचलता म्हणाला, "कुठला खडक?"

त्या रात्री नवशाने दुसऱ्यांदा भात घेतला नव्हता. घरात सगळे घाबरले होते.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून हंसाही निघाली. ("तुमाला खाली आणायला कोणतरी पायजे ना.") दिशाने सासऱ्याला बूट आणले होते, हिरवेगार, रात्री होडीला लावले तर दिवा नको असे.

पालघरच्या पुढे घाटात रिक्षातून उतरले आणि पायवाटेला लागले. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेली हंसा रिकाम्या डोक्याने भराभर पुढे गेली. नवशा दर वळणाला थांबे.

"काय झालं?"

"वारा बघतो."

"झाडाला धरून?"

मध्येच एका माकडाने पिशवी पळवली. फांदीवर बसून त्याने डबा उघडला, भाकऱ्या ठेवून घेतल्या आणि सुक्या बोंबलाची चटणी हुंगून खाली फेकून दिली. भाकऱ्या गेल्याचं हंसाला काही वाटलं नाही. "माझी चटणी टाकली मेल्याने!" ती कितीतरी वेळ बडबडत होती.

अर्ध्या वाटेत नवशाने बैठक मारली. श्वास भात्यासारखा चालला होता. "हंसा, परत जाऊ. हा डोंगर लांबूनच चांगला."

हंसा भांडली नाही. शेजारी बसली. "बसा तुमी. मी बघून येते."

"तुला काय बघायचंय?"

"तुफान झालं की मी किनाऱ्यावर उभी राहायची, कुंदनला काखेत घेऊन. तुमाला तरी हा डोंगर दिसायचा. माझी पाठ त्याच्याकडे. मला समोर पाण्याबिगर काय दिसायचं नाय." ती उठली, पदर खोचला. "काय बघून घरी यायचा तुमी, ते मला एकदा बघू दे."

मग हिरवे बूट उठले. त्यानंतर त्याने एकदाही वारा पाहिला नाही.

वर पोचल्यावर त्याने आधी खडकावर डोकं टेकलं. मग वळून पाहिलं. पश्चिमेला, झाडीच्या आणि घरांच्या पलीकडे, सगळा दर्या चकाकत होता. त्याने फोन लावला.

"कुंदन! कुठं हायस?"

"दर्यावर, बाबा. काय झालं? आई बरी हाय ना?"

"पूर्वेला बघ! चौकोनी खडक!"

फोनवर नुसता वारा वाजत राहिला. मग कुंदन हळूच म्हणाला, "दिसला. बाबा, हा तर किती ठळक दिसतो."

"मी त्याच्यावर हाय! मी दिसतो?"

"हात हलवा."

नवशाने पांढरा शर्ट काढला आणि पोटासकट हलवायला सुरुवात केली.

"जरा डावीकडे या!"

नवशा डावीकडे धावला.

"आता उजवीकडे!"

तिथे आलेल्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीने हंसाला हळूच विचारलं, "काकी, काकांना काही होतंय का?"

"मुलाशी बोलतायत," हंसा म्हणाली. डोळ्यांवर हात धरून ती पाण्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे उन्हानेच भरले असावेत.

"दिसले, बाबा, दिसले!" फोन ओरडला. "फोटो काढलाय!"

संध्याकाळी कुंदनने तो फोटो बापाच्या मोबाइलवर पाठवला. खाली लाटा, वर डोंगर आणि खडकाच्या टोकावर पांढरा, चमकणारा ठिपका. नवशाने ओट्यावर सगळ्या आळीला बोलावलं. "तो मी. शर्ट बघा, कसा चमकतो."

शेजारच्या महादूला ठिपका नीट पाहायचा होता, म्हणून दिशाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोंगर मोठा झाला, खडक मोठा झाला, नवशा होता तेवढाच राहिला. तिने डोंगर बाजूला सरकवला. डोंगर सरकला, नवशा आभाळात तसाच उभा.

बाजाराचा हिशेब सोडून हंसा पुढे आली, मोबाइल घेतला आणि पदराने पुसला. माशाचा एक खवला पदराला चिकटून आला. खडकावर आता कुणीच नव्हतं.

"उद्याच डॉक्टरकडे जाऊ," हंसा म्हणाली. "एका दिवसात इतकं बारीक होणं बरं नाय."