देवपुरी पिवळा उजेड राखिला त्याची हकिकत

श्रीसरस्वती प्रसन्न. शके १९११, वैशाख मासी, धुळ्यास पांझरा नदीपलीकडे देवपुरी उन्हाचा कडक अंमल असता, कॉलेजच्या प्रयोगशाळेवर जे संकट गुदरले आणि ज्या मसलतीने टळले, ते लेकराबाळांसही उमजावे ऐसे लिहितो.

राजश्री लीलाधरभाऊ प्रोफेसर यांणी वीज देताच काच पिवळी उजळावी ऐसी मोहीम आरंभिली. काचेवर झिंक सल्फाइडचा पापुद्रा, त्यात चिमूटभर मँगनीज, आणि पापुद्र्याच्या दोहों अंगास विजेस अडविणारे थर. हे थर म्हणजे तटबंदी. तटास सुईच्या टोकाएवढे भोक राहिले की हवेतील ओल आत शिरे, मग उजेडात काळे डाग पडत आणि काच मरे. भाऊंनी मसाला पालटून थर दाट केला, तरी गनीम हटेना. आणि ज्या संस्थेने यंत्रे दिली, तिचे जळगावाहून फर्मान आले की, तपासनीस रुपचंदराव येतील; त्यांचे समक्ष काच घटकाभर निर्मळ उजळली नाही, तर थर चढविण्याचा निर्वात पंप जप्त करून जळगावी न्यावा. पंप गेला म्हणजे मोहीमच बुडाली.

रुपचंदराव पंप लादावयास मेटॅडोर गाडी घेऊनच दाखल जाहले. विभागप्रमुख अभिमन नाना यांणी यंत्रास आणि पाहुण्यास ऊन बाधू नये म्हणून घरचा कूलर आणून भरधाव सोडिला होता. काच उजळली, आणि मग कूलरच्याच बाजूने काळे डाग चालून आले. भाऊंस उमजले की आपणच गनिमास पाणी पाजून पोसिले! तत्क्षणी हुकूम सुटला की कूलर बंद.

नाना कळवळले, "भाऊ, पाव्हनानं भरीत करतस का काय?"

"नाना, पाव्हना थंडा ऱ्हायना नि पंप गया, मंग काय करानं?" पाहुण्याच्या गारव्यापुढे भाऊंस पंप थोर.

"मी इथंच बसलोय," रुपचंदराव वदले. "माझे भरीत करताच आहात, तर कळण्याची भाकरी तरी मागवा."

मग खिडक्या सताड उघडून खानदेशचे कोरडे ऊन कुमकेस घेतले, आणि भट्टीत तापवून सुकविलेली दुसरी काच मांडिली. रुपचंदरावांनी आधी टाय सोडिला, मग सदरा, आणि बनियनवर बैठक मारून घड्याळ धरिले. घटका भरली. काच हळदीसारखी पिवळी, डाग एक नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पंप देवपुरीच राहावा ऐसा हुकूम रुपचंदरावांनी स्वहस्ते लिहिला. त्यावर त्यांचे नाकावरून घामाचा थेंब पडला, तोच शिक्का मानिला. त्या दिवशी प्रयोगशाळेत ओल म्हणून गावली, ती एवढीच.