उरलेली चाळीस हजार माणसं

"उरलेली माणसं तात्पुरतीसुद्धा कुठे ठेवत जाऊ नकोस," स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या नकाशेकाकांनी तिला बजावलं होतं. "कागदावर बसलेला माणूस उठता उठत नाही." ती हसली होती. तोंडावर नव्हे, वळून. तेवढी रीत तिला होती.

प्रादेशिक वाहतूक नियोजनाच्या कचेरीत ती कामाला होती. पंचवीस वर्षांनी कुठे किती लोक राहतील आणि सकाळी कुठे जायला निघतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्यावरून रस्ते ठरवायचे, हे तिथलं काम. अख्ख्या प्रदेशाचे तीनशे तुकडे पाडलेले, प्रत्येकाला क्रमांक. एकूण लोकसंख्या वरून ठरून यायची. ती तुकड्यांत अशी वाटायची की बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे. घरी लेक शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी ही बाई, बेरजेला कशी सोडेल? कचेरीत तिला अंदाजेबाईच म्हणत.

त्या दिवशी वाटून वाटून चाळीस हजार माणसं उरली. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला: लेकीने नाकात मणी घातलाय. अंदाजेबाईंनी एका हाताने पर्स उचलली. बेरीज जुळल्याशिवाय फाइल सेव्ह होईना, म्हणून तिने ती सगळी माणसं दोनशे चौदामध्ये कोंबली. टेकडीआडचा तो तुकडा तिला तोंडपाठ होता. तिथे एकच घर, आणि त्यात एकटी राहणारी नवऱ्याची आत्या. कुणाची अडचण होणार नव्हती.

मणी निघाला. माणसं राहून गेली.

संगणकातलं मॉडेल बिचारं आज्ञाधारक. चाळीस हजार लोक म्हटल्यावर त्याने त्यांना घरं दिली, घरं म्हटल्यावर दुकानं, शाळा, आणि सगळ्यांना सकाळी साडेआठला एकदम घराबाहेर काढलं. एवढा लोंढा तिथल्या कच्च्या वाटेवर मावेना, म्हणून सहापदरी रस्ता आखला. तीन आठवड्यांनी साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला, तेव्हा तो रस्ता सरळ आत्याच्या स्वयंपाकघरातून चालला होता.

"दोनशे चौदा काय झपाट्याने वाढतंय," साहेब कौतुकाने म्हणाले. "मला आधीपासून वाटतच होतं."

"साहेब, आकडे एकदा तपासू का?"

"आता कसले तपासता? सोमवारपासून मोजणीवाले जातायत तिकडे."

नोकरी गेली तर गेली, पण आत्याचं घर? लेकीला भरवताना, वेणी घालताना, डोळ्यांपुढे बुलडोझर. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो त्याच घरात लहानाचा मोठा झालेला. आठवडाभर जीव कुरतडून घेतल्यावर तिने रजा टाकली आणि लेकीला कडेवर घेऊन निघाली. बस टेकडीपर्यंतच जायची. पुढे तीन किलोमीटर पायपीट.

अंगणात तिपाईवर दुर्बीण उभी होती आणि चार मोजणीवाले आत्याच्या ठेवणीतल्या कपांतून चहा पीत होते.

"ये गं, बस," आत्या म्हणाली. "इथे चाळीस हजार माणसं राहायला येणारेत. तुला माहितीये?"

तिने आत्याला घरात ओढलं. "आत्या, ती माणसं मीच ठेवलीयेत."

"बरं केलंस."

"अहो, खरी नाहीत ती. चुकून राहिली. रस्ता तुमच्या या ओट्यावरून जाणारे."

"जाऊ दे की. नऊ वर्षं एकटीच या ओट्याशी उभी राहून भिंत बघतेय मी. यंदा दार वाजवणारा पहिला माणूस हा दुर्बीणवाला."

"आत्या, घर पाडतील."

"मग चाळीस हजारांत एकाच्याही घरी मला जागा मिळणार नाही का?"

वय झालं की माणूस काहीही बोलतं, असं मनाला समजावत ती परतली. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून तिने साहेबांपुढे कबुली दिली.

साहेबांनी चष्मा पुसला. "मला आधीपासून शंका येतच होती," ते म्हणाले.

नोकरी राहिली. चाळीस हजार माणसं बाकीच्या तुकड्यांत वाटली गेली, रस्ता पुसला, मोजणीवाले परत बोलावले. घर वाचलं. किती दिवसांनी तिला घास गोड लागला. मग सवयीप्रमाणे तिने दोनशे चौदाचा दुरुस्त आकडा उघडला. आज: एक. पंचवीस वर्षांनी: शून्य. तिने तीनदा तपासलं. चूक कुठेच नव्हती.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "आज कुणी आलं नाही गं. दुर्बीणवाला आजारी आहे का?"

"नाही आत्या. काम संपलं त्यांचं."

"असं होय," आत्या म्हणाली, आणि बराच वेळ तिने फोन ठेवलाच नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी आत्याला फोन करते. आज चार वेळा केला. नुसती घंटा वाजतेय. अंगणात असेल. कपडे वाळत घालत असेल. नवरा परगावी आहे, लेक तापाने फणफणलीय, मांडीवरून उतरत नाही. तिला निघता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर जरा वाट वाकडी करा. टेकडी ओलांडली की एकच घर आहे, चुकायचं भय नाही. दार जोरात वाजवा, आत्याला ऐकू कमी येतं. तिने उघडलं की आधी इकडे फोन करा. आणि मग लगेच निघू नका.