देशी शांतता

आमच्या बंदरात गाणी वाजवणाऱ्या खिशातल्या यंत्रांवर आयात कर नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेवर आहे.

मी पहिल्यांदा अशी यंत्रं परदेशातून मागवली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, कारण नियम कस्टम ऑफिसच्या बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो. फक्त फळ्याच्या त्या कोपऱ्यापुढे कोणीतरी नेहमी सायकल लावून ठेवतं.

आवळशी बंदरात माझं घड्याळं, टॉर्च आणि रेडिओ यांचं दुकान आहे. त्याआधी मी दुकानांच्या पाट्या रंगवत असे. शिडीवर उभं राहून दुसऱ्याच्या दुकानाचं नाव रंगवताना आपलंही एक असावं असं वाटायचं, म्हणून हे काढलं. यंत्रं मागवण्यात दुकानाचं होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. माल अडकला तर दुकान बंद करून पुन्हा शिडीवर चढावं लागणार, हे मला आणि माझी बायको वैजयंती हिला पक्कं ठाऊक होतं.

“गाण्यांचं काही नाही,” कस्टमच्या आरोलकर मॅडम म्हणाल्या. त्या खोक्यातलं एक यंत्र हातात घेऊन बसल्या होत्या. “गाणी तुम्ही इथूनच पाठवलीत, कारखान्यानं ती भरली. आपलाच माल बाहेर जाऊन परत आला. पण हे ऐका.”

त्यांनी यंत्राचा आवाज मोठा केला. एक भजन संपलं. त्यांनी बोट वर केलं आणि दुसरं भजन सुरू होताच खाली घेतलं.

“ही कारखान्यानं स्वतःच्या पदरची घातली आहे. परदेशी बनावटीची.”

मी पुन्हा ऐकून पाहिलं. खरंच ती आपल्यासारखी नव्हती. जरा कोरडी होती.

“पण मॅडम, शांततेवर एवढा कर? यंत्रापेक्षा जास्त?”

“बाहेरची स्वस्त शांतता येऊ दिली तर इथल्या बनवणाऱ्यांनी कुठे जायचं?”

“इथे कोण बनवतं?”

“घरोघरी बनते. गृहोद्योग आहे.”

त्या अडवणूक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला रस्ताही सांगितला. परदेशी शांतता काढून टाकायची आणि तिथे देशी भरायची. हे काम सरकारी गोदामात बसून करता येतं. मात्र शांतता कुठली आहे याचा दाखला लागतो. शुक्रवारच्या बोटीपर्यंत दाखला झाला नाही, तर माल त्याच बोटीनं परत.

दुपारी बाजार बंद झाल्यावर मी चौकात बसून तिथली शांतता टेपरेकॉर्डरमध्ये घेतली आणि मॅडमना नेऊन दिली.

“ही कोणी बनवली?”

“कोणी नाही. आपोआप पडली.”

“मग ती निसर्गाची. निसर्गाची वस्तू भरलेलं यंत्र हे यंत्र राहत नाही, भांडं होतं. भांड्यांचा कर याहून जास्त आहे.”

वाचनालयातली घेतली तर ती नगरपरिषदेच्या मालकीची निघाली. शेजारच्या आजोबांची झोपेतली घेतली, ती कच्ची म्हणून परत आली; शिवाय तिच्यात घोरणं होतं.

“अहो, घरगुती आणा,” मॅडम म्हणाल्या. “हातानं बनवलेली. मुरलेली असली तर फारच बरं.”

मी घरी येऊन जेवायला बसलो, आणि ती मला समोरच दिसली.

माझा मोठा भाऊ आणि वहिनी यांचा अबोला आहे. निदान तेव्हा होता. तो किती जुना होता ते सांगायचं तर तो सुरू झाला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती आणि आता तिचा मुलगा शाळेत आहे. त्यात कडवटपणा काही उरला नव्हता. वहिनी दादाच्या सदऱ्यांची बटणं लावायची, दादा तिच्या डोळ्यांचे थेंब न विसरता आणायचा. फक्त बोलणं नव्हतं. जे काही बोलायचं ते वैजयंतीमार्फत.

“वैजू, मीठ,” दादा म्हणायचा. मीठ वहिनीजवळ असायचं. वहिनी ते वैजूकडे सरकवायची, वैजू दादाकडे.

“वैजू, त्यांना सांग, डॉक्टरनी मीठ कमी सांगितलंय.”

“वैजू, तिला सांग, मी ऐकलं.”

मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दादा म्हणाला, “घे की. नुसती पडूनच आहे.” वहिनी म्हणाली, “घ्या भाऊजी. पण निम्मी माझी आहे. माझं नाव लागलं पाहिजे.”

रोजची जेवणं चालू असताना मी शांतता घेतली. वैजयंती स्वयंपाकघरात जेवली, म्हणजे तिचा आवाज मध्ये येणार नाही. मॅडमनी ती डोळे मिटून ऐकली.

“राग नाही. कुचकेपणा नाही,” त्या म्हणाल्या. “तळाशी थोडी फोडणी आहे, पण ती चालते. असा माल हल्ली बघायला मिळत नाही हो.”

मी गोदामात बसून सगळ्या यंत्रांत ती भरली. गुरुवारी मॅडम उगमाची पाहणी करायला आमच्या घरी आल्या. दादा खिडकीशी बसला होता, वहिनी पाटावर तांदूळ निवडत होती. दोघं आपापल्या जागी अगदी उत्तम गप्प होती. मॅडमनी थोडा वेळ बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा अबोला अजून चालू आहे?”

“चालू आहे!” मी अभिमानानं म्हणालो. “एकदासुद्धा तुटलेला नाही.”

“मग दाखला देता येणार नाही.”

“का?”

“चालू अबोला म्हणजे मागावरचं कापड. मागावरून उतरेपर्यंत त्याला माल म्हणत नाहीत. उद्या हा वाढेल, बदलेल, त्यात राग शिरेल. मी कशावर सही करू? अबोला संपला पाहिजे, तोही माझ्यासमोर. मग तो तयार माल.”

मग दादा म्हणाला, “वैजू, मॅडमना सांग, माझी काही हरकत नाही. तिनं सुरुवात करावी.”

“वैजू,” वहिनी म्हणाली, “माझी तर मुळीच हरकत नाही. पण आधी त्यांनी.”

वैजयंती दाराला टेकून उभी होती. तिनं हातातलं फडकं खुंटीला अडकवलं.

“दाखल्यात माझं नाव आहे का हो, मॅडम?”

“निरोप्याला उत्पादक धरत नाहीत.”

“असं? इतकी वर्षं हा अबोला कोणाच्या पायांवर चालला? मीठ कोणी फिरवलं?” ती माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही! मला स्वयंपाकघरात जेवायला लावलंत! आता निरोप्याशिवाय चालवून दाखवा म्हणावं.” आणि ती माहेरी निघून गेली. तिचं माहेर मागच्याच आळीत आहे, पण गेल्यावर ते लांब वाटलं.

शुक्रवारी सकाळी बोट धक्क्याला लागली. मॅडम जेवणाचा डबा घेऊनच आल्या आणि ओटीवर खुर्चीत बसल्या. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. दादाला वर्तमानपत्र हवं होतं. ते सुपात तांदूळ निवडत बसलेल्या वहिनीच्या मांडीखाली होतं.

“मॅडम,” दादा म्हणाला, “जरा तिला सांगता का—”

“मी सरकारी माणूस आहे. निरोप नेत नाही.”

दादानं माझ्याकडे बघितलं.

“तेही नको,” मॅडम म्हणाल्या. “ते आयातदार आहेत. त्यांनी मध्ये तोंड घातलं तर ढवळाढवळ होईल.”

दादानं समोरच्या भिंतीला सांगितलं की वर्तमानपत्र पाहिजे. वहिनीनं त्याच भिंतीला सांगितलं की ते कालचं आहे. मॅडम मान हलवून म्हणाल्या, भिंतीमार्फतचं धरता येत नाही. दादानं मग कालचं वर्तमानपत्र सोडून दिलं.

बोटीचा पहिला भोंगा झाला. माझी नजर माळ्याकडे गेली. तिथे माझे जुने रंगाचे ब्रश एका डब्यात उभे होते. ते ताठ झाले असतील, रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावे लागतील, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. वहिनीनंही माळ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले. पण ती पदरानं चष्मा पुसू लागली. तिला माझी दया येत होती, फक्त ती तिच्या हट्टापेक्षा किंचित कमी पडत होती.

“तोवर बाकीचा अर्ज भरू,” मॅडम म्हणाल्या. “अबोला सुरू होण्याचं कारण. रागाचं निघालं तर सदर बदलावं लागेल, म्हणून नीट आठवून सांगा. तुम्ही सांगा.”

दादा सावरून बसला. त्याला कोणी हे विचारलंच नव्हतं इतकी वर्षं.

“त्याचं असं झालं. हिचा भाऊ आला होता जेवायला. मी बाजारातून चांगला पारखून नारळ आणला. फोडला तर थोडा खवट निघाला. नारळ आहे, निघतो. तर ही भावासमोर मला म्हणाली, तुम्हाला मेलं नारळातलं काही कळत नाही. एवढंच. मी गप्प बसलो.”

मॅडम लिहू लागल्या. “नारळ. खवट.”

वहिनीच्या सुपातले तांदूळ थांबले.

“नारळ?” ती म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं.

“नारळ कुठला काढलात? अहो, फणस होता फणस! आख्खा फणस खांद्यावर घालून आणलात तुम्ही, आणि नारळ काय सांगताय सरकारी माणसाला!”

“फणस तुझ्या बहिणीच्या वेळी,” दादा म्हणाला.

“बहीण कधी आली होती मे महिन्यात? भाऊच होता. माझ्या भावाला कडक गऱ्यांचा कापा आवडतो म्हणून तुम्ही कापा आणायला गेलात आणि बरका घेऊन आलात.”

“बरका नव्हता तो!”

“लिबलिबीत! हातातून सुटत होता! भाऊ बिचारा गिळत बसला.”

“कापाच होता. जरा जास्त पिकला होता. जास्त पिकला म्हणून कापा बरका होत नाही, कळलं? आणि मला म्हणे फणसातलं कळत नाही!”

“मी म्हणालेच नाही तसं. मी म्हणाले, बरका आहे. एवढंच म्हणाले. तुम्ही ताटावरून उठलात.”

“मी उठलो नाही. हात धुवायला गेलो. चीक लागला होता.”

“हात धुवायला इतकी वर्षं?”

मॅडमनी घड्याळात बघून वेळ लिहिली होती आणि मी उठून उभा राहिलो होतो. पण त्या बसूनच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेला उत्साह होता.

“गरा बोटानं दाबला तर खड्डा पडत होता का?” त्यांनी विचारलं.

“पडत होता,” वहिनी म्हणाली.

“पडत नव्हता,” दादा म्हणाला.

“आठळी गऱ्यापासून सुटी होती?”

“चिकटलेली.”

“सुटी! अगदी सुटी!”

मॅडमनी बराच विचार केला. शेवटी खेदानं म्हणाल्या, “माल खाल्ला गेल्यामुळे वर्गीकरण करता येत नाही.” आणि अर्जात त्यांनी लिहिलं: कारण, फणसाच्या जातीविषयी मतभेद, राग नाही. खाली सही केली, शिक्का मारला, आणि उत्पादक म्हणून दोघांची नावं लिहिली, वहिनीचं आधी. दादानं त्यालाही हरकत घेतली, ती वहिनीनंच फेटाळली.

मी दाखला घेऊन धक्क्याकडे पळालो. खोकी बोटीवर चढवण्यासाठी हातगाडीवर ठेवलेली होती. ती उतरवून घेतली. भोंगा झाला आणि बोट आमच्या मालाशिवाय गेली.

परत आलो तर वैजयंती दारातच उभी. घरातून आवाज येत होते.

“कोण भांडतंय?”

“दादा आणि वहिनी.”

“कोणाशी?”

“एकमेकांशी.”

“म्हणजे थेट?”

“थेट.”

ती पायरीवर बसली. काही वेळानं तिनं पाय लांब केले. “बसू दे मला जरा,” ती म्हणाली. आत फणस संपून कोणाच्या तरी मुंजीतल्या आहेराचा विषय निघाला होता. मॅडम डबा खात मधूनमधून प्रश्न विचारत होत्या.

यंत्रं खपली. गिऱ्हाईकं खूश आहेत. दोन गाण्यांच्या मध्ये कान विसावतो, असं दोघातिघांनी आपणहून सांगितलं. पुढच्या खेपेची जुळवाजुळव करायला हवी, कारण दादा-वहिनींकडे आता माल शिल्लक नाही आणि नवा पडण्याचं लक्षण नाही. वैजयंतीनं मला विचारलं की आपण दोघांनी अबोला धरायचा का. आम्ही एक दिवस धरून बघितला, पण तो कच्चा निघाला. तिला मध्येच हसू आलं.

एक यंत्र मी घरी ठेवलं आहे. संध्याकाळी दादा-वहिनी ते मध्ये ठेवून ऐकत बसतात. काल मी दुकान बंद करून आलो तेव्हा एक गाणं संपलं आणि मधली शांतता आली. दोघं पुढे झुकली.

“ही तुझी,” दादा म्हणाला.

“छे, माझी अशी नसायची. ही तुमची आहे.”

“कशावरून?”

“ऐका ना. तोंडात घास आहे.”

तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं. दादानं बटण दाबून ते मागे नेलं आणि वहिनीनं खुर्ची जवळ ओढली.