जलदानाला आलेला टँकर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काष्टीजवळच्या एका बौद्धवाड्यात पुंजारामची बायको रंगुबाई वारली. दोन कोसांवर पाण्याला जाताना तिला ऊन लागलं आणि गुरुवारी सकाळी ती गेली. पुंजारामने मास्तरांकडून दिल्लीला तार करवली. खासदार तुळशीराम भिंगारदिवे तिला आक्का म्हणत. तिच्या हातची भाकरी खाऊन ते शाळा शिकले होते, आणि छप्पन साली तिघांनी एकाच दिवशी धम्मदीक्षा घेतली होती.

खासदारांच्या चिटणिसाने तालुक्याला कळवलं, खासदार सोमवारी येत आहेत. कशासाठी, ते लिहायचं राहून गेलं. साल दुष्काळाचं. ही पाहणीच, असं तालुका कचेरीतल्या साहेबांनी धरून टाकलं.

सोमवारी, पाचव्या दिवशी, रंगुबाईचा जलदानविधी होता. सकाळी पुंजाराम बाहेर आला, तर त्याच्या दारासमोर कमान आणि मंच उभे राहत होते. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागला. मग बँड आला, आणि सगळ्यांच्या मागून धूळ उडवत पाण्याचा टँकर आला. ह्याच टँकरसाठी रंगुबाईने दोनदा अर्जावर अंगठा उठवला होता. बाया घागरी घेऊन धावल्या, तर साहेबांनी त्यांना थोपवलं. तोटी खासदारांसमोर उघडायची होती.

घरात माणूस गेलंय, असं पुंजारामने साहेबांना सांगून पाहिलं. त्यांनी आस्थेने ऐकून घेतलं. त्याचा उतरलेला चेहरा त्यांना पाहणीच्या दृष्टीने फार चांगला वाटला. त्याला पहिल्या रांगेत बसवून त्यांनी बजावलं, की कुणी काहीही विचारलं तरी टँकर रोज येतो म्हणायचं.

जीप थांबली आणि बँड सुरू झाला. पुढे आलेले हार बाजूला सारत खासदार मंचाला वळसा घालून आले आणि पुंजारामपुढे मातीतच बसले.

"दाजी, आक्काला झालं काय?"

पुंजारामने मान वर केली. खासदारांच्या मागे साहेब उभे होते.

"टँकर रोज येतो," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. "पान्याला गेल्ती रे, तुळशीराम. रिकामी घागर घिऊनच पडली."

खासदारांनी टँकरकडे पाहिलं, मग ओळीने मांडलेल्या कोरड्या घागरींकडे. त्यांनी हात वर केला तसा बँड थांबला. त्या सजवलेल्या मंचावरच त्रिशरण झालं. साहेबही हात जोडून उभे राहिले, आणि उद्यापासून टँकर खरोखरच रोज येईल, असं कुणी न विचारता बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर माणशी एक घागर देत होता. पुंजाराम जन्मात पहिल्यांदा पाण्याच्या रांगेत उभा होता, घरात होत्या त्या दोन्ही घागरी घेऊन.

"घरात मानसं किती?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोन," पुंजाराम म्हणाला.

मागे शेजारची मनकर्णा होती. तिनेच त्याची दुसरी घागर तोटीखाली सरकवली.

दोन्ही घागरी भरल्या. एक त्याने खांद्यावर घेतली. दुसरी कशी न्यायची, ते त्याला कळेना.