उघडला तर मिटेना

"आता ह्या घरात काकडी चिरायला विळीवर कुणी बसायचं न्हाय!" पार्सलची चिकटपट्टी दातानं ओढत कुलदीपनं जाहीर केलं.

शिवांजली गौरीला खिमट भरवत होती. तिनं मान वर केली नाही. अशा घोषणा तिनं बऱ्याच ऐकल्या होत्या. आधी एक बॅटरी आली होती, ती उन्हावर चालायची आणि उन्हातच पेटायची. मग लसूण सोलायचं यंत्र आलं. त्यात लसूण जसाच्या तसा राहायचा, बोटं तेवढी सोलली जायची!

या वेळी घडीचा चाकू होता. मोबाइलातल्या जाहिरातीत एक मिशीवाला तो एका बोटानं उघडायचा, टोमॅटोची कागदासारखी चकती पाडायचा आणि एका बोटानं मिटून खिशात टाकायचा. कुलदीपनं तो व्हिडिओ इतक्यांदा लावला होता, की नऊ महिन्यांची गौरी मिशीवाला दिसला की टाळ्या पिटायची.

कुलदीपनं ऐटीत बोट लावलं. चाकू उघडला नाही. अंगठा लावला. नख लावलं. शेवटी दात लावले.

"नवा हाय. लाजतोय," तो म्हणाला.

"नवी नवरीबी इतकं लाजत न्हाय बाबा," धुरपदाबाई म्हणाल्या. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या, पण कान इकडंच.

"अहो, परत पाठवा की!" शिवांजली म्हणाली.

"परत? आजवर म्या काय परत पाठवलंय?"

ते मात्र खरं होतं! घेतलेली वस्तू परत पाठवायची नाही आणि बोललेला शब्द परत घ्यायचा नाही, असा त्याचा खाक्या. पहिल्यानं माळा भरला होता. दुसऱ्यापायी चुलता गमावला होता.

त्याचं झालं असं. कुलदीपचे चुलते, ज्ञानोबातात्या, नुकतेच मोबाइल शिकले होते. पहाटेपासून भावकीच्या ग्रुपवर त्यांचे सूर्य उगवायचे, कमळं फुलायची, पोपट 'शुभ सकाळ' म्हणायचे. एके दिवशी कुलदीपचा फोन पोपटांनी गच्च भरून बंदच पडला. चालू झाल्याबरोबर त्यानं रागाच्या भरात तात्यांना ग्रुपातनं काढलं. तात्यांच्या फोनवर अक्षरं उमटली, 'कुलदीपने तुम्हाला काढून टाकले'. तात्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि मटकन ओट्यावर बसले.

"थोरला भाऊ गेला, आन त्याच्या पोरानं मला भावकीतनं काढलं!"

तेव्हापासून तात्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. आणि उद्या तर रविवार! उद्या सोनारीला काळभैरवाच्या दारात गौरीचं जावळ. माकणीहून शिवांजलीचा भाऊ मामा म्हणून येणार होता, नैवेद्याचं सगळं ठरलं होतं. तात्यांनी मात्र आमंत्रणाला एकच उत्तर दिलं, "काढल्याला माणूस कुठं येत असतो व्हय?"

"घरात एकच वडीलधारं माणूस उरलंय," धुरपदाबाई डोळ्याला पदर लावायच्या. "लेकराच्या डोक्यावर हात काय ह्याच्या मोबाइलनं ठिवायचा?"

"चुकलं, एवढंच तर म्हणायचंय," शिवांजली रोज सांगायची.

"ग्रुपचा ॲडमिन हाय म्या!" कुलदीप रोज ऐकवायचा.

तर असला हा ॲडमिन आता चाकूशी भिडला. गौरीच्या डोक्याला लावायला काढलेलं करडईचं तेल अर्धं चाकूच्या पोटात गेलं. उरलेलं गौरीच्या दाट कुरळ्या जावळात थापून झालं, तरी चाकू ढिम्म! मग पक्कड आली. मग चष्म्याच्या दुकानातला इवलासा स्क्रू ड्रायव्हर आला.

"शिवा, दाबून धर!"

"धरलाय. पण गौरी मांडीवर चढतीय!"

"आज सोडत न्हाय ह्याला! एकदा उघडू दे, पार चिरतोच!"

भिंतीपलीकडं शेजारच्या मुक्ताबाई शेवया वाळत घालत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला.

आणि कच्चकन चाकू उघडला! पातं लखलखलं, कुलदीप मागं कोलमडला, एक बारका स्क्रू कुठं उडाला तो उडालाच. पडल्याचा आवाजसुद्धा नाही. शिवांजलीनं आधी गौरीचं तोंड उघडून बोट फिरवलं. मग मुठी सोडवल्या, झबलं झटकलं. काही नाही. गौरी खिदळत होती.

"कोंबडीनं टिपला! म्या माझ्या डोळ्यानं बघितलं!" धुरपदाबाईंनी साक्ष दिली. कोंबडीला तात्काळ डालग्याखाली कोंडण्यात आलं. तिचा काही दोष नव्हता, पण तिचं ऐकतो कोण!

आता नवीनच संकट उभं राहिलं. मघाशी न उघडणारा चाकू आता मिटेना! मूठ दोन्ही हातांनी आवळून धरली तर ठीक, सोडली की खिळखिळी होऊन पातं भोवऱ्यासारखं फिरायचं. आणि घरात रांगतं लेकरू! चाकू शिंकाळ्यावर ठेवला तर गौरी शिंकाळ्याकडं बघून हात नाचवायची. पेटीवर ठेवला तर पेटीला धरून उभी! ती आजवर कशालाच धरून उभी राहिली नव्हती. शिवांजलीला हसावं की रडावं कळेना.

"आत्ताच्या आत्ता हे घराबाहेर न्या!" ती ओरडली.

"उत्तरेश्वरकडं नेतो. वेल्डिंग मारून बंद करंल," असं म्हणत कुलदीप निघाला. मागनं धुरपदाबाई ओरडल्या, "आरं, धारंची वस्तू हातात दिऊ नगंस! भांडणं लागत्यात! भुईला ठिव, त्यो उचलंल!"

कुलदीपचा अवतार बघण्यासारखा होता. केस पिंजारलेले, हात तेलानं माखलेले, आणि दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा उभा धरलेला उघडा चाकू! दारात मुक्ताबाईंनी चाचरत विचारलं, "कुठं रं, कुलदीप?"

"आज ह्याचा निकाल लावतो!" कुलदीप गुरगुरला.

मुक्ताबाई शेवया टाकून पळाल्या. पुढचं काम त्यांच्या गळ्यानं केलं.

"ओ तात्या! घरात जावा! पुतण्या चाकू घिऊन आलाय!"

तात्या घरात नव्हतेच. ते उत्तरेश्वरच्या दुकानापुढं बाकड्यावर, मोडकी खुर्ची जोडून घेत बसले होते. शिवांजली गौरीला कडेवर मारून धावत पोचली, तोवर अर्धा गाव जमला होता. वाट आपोआप दुभंगली. वेल्डिंगची ठिणगी थांबली.

"यिऊ द्या त्येला," तात्या मिशीवरनं हात फिरवत म्हणाले. "मारतो तर मारू द्या. भावकीतनं काढलंच हाय, आता जगातनं काढ म्हणावं!"

कुलदीपला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याचं सगळं ध्यान मुठीत. तो सरळ पुढं आला, उत्तरेश्वर बाकड्याच्या मागं दडलेला दिसला, आणि कधी नव्हे ते कुलदीपला आईचं सांगणं आठवलं. तो वाकला. दोन्ही हातांनी चाकू भुईवर ठेवला. बरोबर तात्यांच्या पायापाशी!

गर्दी आणखी पुढं सरकली.

तात्यांनी चाकूकडं बघितलं. वाकलेल्या पुतण्याकडं बघितलं.

"पोरानं हत्यार खाली ठिवलं," ते पुटपुटले. "आरं लेकरा, एवढं कशाला! नुसतं चुकलं म्हणाला असता तरी बास होतं की रं!"

आणि त्यांनी कुलदीपला कवटाळलं. गर्दीत बायांचे पदर डोळ्यांना गेले.

"आवं तात्या, म्या तर ह्यो स्क्रू..." कुलदीप बोलायला गेला. शिवांजलीनं मागनं असा चिमटा काढला, की वाक्य पार बदललं.

"आई गं! चुकलं!"

अखेर तो शब्द निघाला तोंडातनं! तात्यांनी गौरीला उचलून घेतलं, तिनं त्यांची मिशी धरली. मिशा तिच्या आवडीच्याच.

"उद्या सोनारीला येताय ना, तात्या?" शिवांजलीनं विचारलं.

"येतो की. पण आधी ग्रुपात घे म्हणावं."

रात्रीचं जेवण होईस्तोवर ग्रुपवर चार सूर्य उगवले होते.

रविवारी सोनारीला गौरी मामाच्या मांडीवर भोकाड पसरून बसली. तात्या समोर खुळखुळा वाजवत होते. केस कापणाऱ्या माणिकप्पांनी तेलकट जावळात कात्री घातली, पहिली बट पितळी ताटात पडली आणि आवाज आला, टिंग!

माणिकप्पांनी बट उचलून बघितली.

"आवो, पोरीच्या डोक्याचा स्क्रू निघाला की!"

"बापावर गेलीय," तात्या म्हणाले.

घरी आल्यावर कोंबडीची सन्मानानं सुटका झाली. कुलदीपनं स्क्रू बसवला, पिळला, आणि चाकू कच्चकन मिटला. तेव्हापासून तो उघडलेला नाही. कुलदीप अधूनमधून पक्कड शोधतो. ती शिवांजलीनं लपवलीय. रांगत्या लेकराच्या घरात यापेक्षा चांगला चाकू नाही, असं तिचं ठाम मत आहे.