सासऱ्यांचा भुसा

"भुसा कुठलाही आणा, माझं निकेल त्याचं रसायन करून दाखवेल!" संशोधकाने सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. निकेल म्हणजे त्याने त्या धातूची बनवलेली काळी पूड. पाणी आणि हायड्रोजनबरोबर बंद भांड्यात तापवली की ती लाकडातून औषधाला लागणारं गोड रसायन काढायची. आजवर मात्र तिला बाटलीतला शुद्ध मालच मिळाला होता. आज कंपनीच्या मॅनेजरबाई प्रयोग बघायला आल्या होत्या. त्यांना पटलं तर त्याची नोकरी कायम, नाहीतर घरी!

भुसा दिला सासऱ्यांनी. निवृत्तीनंतर ते सुतारकाम शिकत होते. घरात डुगडुगती स्टुलं मोजकी, भुसा मात्र पोत्यांनी! इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः पोती घेऊन आले आणि पहिल्या खुर्चीत बसले.

भांडं तापलं. हायड्रोजन वापरला गेला की दाबाचा काटा उतरतो. हा काटा मुक्कामाला आलेल्या मेव्हण्यासारखा जागचा हलेना!

"मामा, भुशात काही घातलंत का?" संशोधकाने हळूच विचारलं.

"छे! मुंग्या लागू नयेत म्हणून जरासं गंधक भुरभुरलं, एवढंच."

"गंधक? अहो, निकेलला ते विष आहे! चिकटलं की पूड मेलीच!"

"मग धुऊन देतो की!" सासरे ताडकन उठले.

दुसरं पोतं त्यांनी प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये मन लावून धुतलं. संशोधकाने नवी पूड घातली, भांडं तापवलं. काटा थोडा उतरला, संशोधकाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काटा थबकला आणि भांड्याच्या काचेतून पांढराशुभ्र फेस डोकावू लागला.

"मामा... साबण?"

"नुसत्या पाण्याने गंधक निघतं होय, जावईबापू? चांगला दोनदा लावलाय!"

पुडीवर साबणाचा थर बसला होता. संशोधकाला मनातल्या मनात आपलं रिकामं टेबल दिसू लागलं. मॅनेजरबाई मात्र भराभर टिपून घेत होत्या.

"आमच्या कारखान्यात असाच कचरा येतो," त्या म्हणाल्या. "कशाकशाने पूड मरते, हे आम्हाला आधी कळायला हवं. एका सकाळी दोन विषं सापडली! हे काम आपण पुढे चालवू."

संशोधकाने कॉलर ताठ केली. "धन्यवाद मॅडम! मी उद्यापासूनच—"

"तुम्ही पूड बनवा हो," बाई म्हणाल्या आणि सासऱ्यांकडे वळल्या. "काका, सल्लागार म्हणून याल का?"

सासऱ्यांनी शर्टाच्या ओल्या बाह्या खाली केल्या.

"येईन. पण पोती जावई उचलतील."